मेश्राम आणि विहिरीवरची रांग

मेश्राम लग्नाला गेले की नवरा-नवरीकडे नंतर पाहतात, आधी वरणाची बादली पाहतात. बादली आचाऱ्याकडून कधी निघते, पंगतीत कुठे वळते आणि शेवटच्या माणसापर्यंत पोचेस्तोवर भात गार का होतो, याचा ते उभ्याउभ्या अभ्यास करतात. मग शेजारच्या पाहुण्याला, तो ओळखीचा असो वा नसो, विचारतात, "अडते कुठी?" पाहुण्याला वाटतं, यांना बसायला जागा मिळाली नाही. तो बिचारा सरकून बसतो.

शिशुपाल मेश्राम माझे शेजारी, आणि नोकरीतही डोक्यावर तेच. भंडाऱ्याबाहेर ट्रॅक्टरचे गिअर बनवणारा आमचा कारखाना आहे. मी स्टोअरमध्ये, ते प्लॅनिंगमध्ये. त्यांच्या संगणकात अख्खा कारखाना भरलेला आहे: मशिनी, ट्रॉल्या, ट्रक आणि पिवळं हेल्मेट, नारिंगी जॅकेट घातलेली बोटभर माणसं. बटन दाबलं की महिन्याचं काम चहा गार व्हायच्या आत पडद्यावर होऊन जातं आणि माल कुठे तुंबतो ते दिसतं. याला सिम्युलेशन म्हणतात. एखादी मशीन हातभर सरकवायची असली तरी मेश्राम म्हणतात, "पयले मॉडेलमंदी चालवून पाहू."

त्या मॉडेलमध्ये काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यावर हिरवा ठिपका असतो. माणूस थांबला की ठिपका लाल होतो. एकदा मोठ्या साहेबांपुढे हे सगळं भिंतीवर दाखवलं. स्टोअरच्या खिडकीजवळचा एक माणूस सुरुवातीपासून लाल होता. मॉडेलमध्ये दुपार झाली, पाळी बदलली, तो लालच. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मेश्राम माझ्या कानाशी लागून म्हणाले, "पर्सनल नोका घेऊ भाऊ, डेटा हाय." मी ते अजूनही पर्सनलच घेतलेलं आहे.

नंतर त्यांची नजर चहाच्या रांगेवर गेली. त्या रांगेत कोणाची पोरगी पसंत पडली, कोणाचं धान कापणीला आलं, कोणाचा जावई कसा निघाला, हे सगळं कळायचं. मॉडेलमध्ये ती रांग नुसतीच लाल दिसली. आता चहा ट्रॉलीवर बसून ज्याच्या त्याच्या जागेवर येतो. उत्पादन वाढलं, हे मलाही मान्य करावं लागतं. पण पलीकडच्या शेडमधल्या माझ्या जुन्या मित्राला नातू झाला, हे मला नातू रांगायला लागल्यावर कळलं.

मॉडेल एकदाच तोंडघशी पडलं, ते दिघोरीला, मेश्रामांच्या साळ्याच्या लग्नात. कोणती बादली कोणत्या ओळीतून जाणार हे त्यांनी आधी पडद्यावर चालवून पाहिलं होतं. भात गरम, वरण गरम, सगळं झकास चाललं होतं. तेवढ्यात आपल्याला आधी पानावर बोलावलं नाही म्हणून नवरदेवाचा मामा रुसला आणि बरोब्बर बादल्यांच्या वाटेत खुर्ची टाकून बसला. मॉडेलमध्ये मामा होता, रुसवा नव्हता. पंगत तशीच ताटकळली. मेश्राम परतताना गाडीत एवढंच म्हणाले, "डेटा कमी पडला."

घरातही हाच खाक्या. आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर एक हापशी आहे. तिच्या पाण्यात डाळ लवकर शिजते, म्हणून घरोघरी नळ असूनही बायका पिण्याचं पाणी सकाळी तिथूनच नेतात. मेश्रामांनी बायकोची ती चक्कर वाचवायला फिल्टर बसवला. वहिनींनी काही दिवस उगाच भाजीच्या निमित्ताने हापशीवर जाऊन पाहिलं, मग तेही सोडलं.

मागच्या वर्षी त्यांनी आईला आणलं. मेश्रामांचं गाव वैनगंगेच्या काठचं, गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. पुनर्वसनातल्या घरात म्हातारा-म्हातारी राहत होते. वडील गेले आणि आई, पार्बताबाई, भंडाऱ्याला आल्या. आल्या तेव्हा चांगल्या बोलत होत्या. माझ्या बायकोला पहिल्याच दिवशी त्यांनी माहेर, सासर आणि वजन विचारलं होतं.

मेश्रामांनी आईची व्यवस्था जीव लावून केली. पलंगाच्या हाताशी पाणी, उशाशी गोळ्यांचा डबा, रिमोट दोरीनं बांधलेला, हाक मारायला नको म्हणून बेल. मला अभिमानानं सांगितलं, आता आईला कशासाठीच उठावं लागत नाही. खरंच नाही लागलं. हळूहळू पार्बताबाई उठेनाशा झाल्या, आणि मग बोलेनाशा. जेवायचं का विचारलं तर मान हलवायच्या, नाहीतर तेही नाही. डॉक्टरांनी कान पाहिले, घसा पाहिला, डोक्याचा फोटो काढला. सगळं ठीक होतं. मेश्राम रोज कामावरून आले की पलंगाशी बसून विचारायचे, "आई, कुठी अडते तुले?" आई भिंतीकडे पाहायची. त्या दिवसांत त्यांनी कारखान्यात कोणालाही काही सरकवायला सांगितलं नाही, आणि माझ्यासारख्या त्यांच्यावर खार खाऊन असलेल्या माणसालाही त्यांच्याकडे पाहवत नसे.

एका रविवारी त्यांनी मला घरी बोलावलं. लॅपटॉप टीव्हीला जोडला होता आणि टीव्हीवर गाव होतं. नदी, पाण्याच्या बोड्या, धानाच्या बांध्या, बौद्ध मोहल्ला, विहार, आणि मध्ये मोहल्ल्याची विहीर. गिअरच्या कारखान्यासाठी केलेल्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी बुडालेलं गाव उभं केलं होतं. बैलगाडी मिळाली नाही म्हणून रस्त्यावरून फोर्कलिफ्ट चालली होती. बायकाही मिळाल्या नव्हत्या. विहिरीवर पिवळं हेल्मेट आणि नारिंगी जॅकेट घातलेले कामगार पाणी भरत होते.

पार्बताबाई पाहत होत्या. कामगार येत, घागर भरत, वळत, जात. सगळ्यांचे ठिपके हिरवेगार. बऱ्याच वेळानं त्या बोलल्या. आवाज खरखरीत झाला होता.

"ह्या बाया बोलून काहून नाई राहिल्या?"

मेश्रामांचा चेहरा असा काही उजळला, की पुढचं सांगितल्याशिवाय त्यांना राहवलं नाही. विहिरीला एकच रहाट होता, तिथं मी दोन लावले, म्हणून कोणालाच थांबावं लागत नाही, असं त्यांनी आईला समजावून सांगितलं. खोड ती खोड. आईनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

मग मेश्रामांनी माउस घेतला आणि दुसरा रहाट पुसून टाकला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपल्या हातानं काहीतरी अडवलं. विहिरीवर रांग लागली. एक लाल ठिपका, मग दुसरा, मग वळणापर्यंत लालच लाल. वहिनींनी सासूच्या खांद्याला हात लावला. पार्बताबाई वळल्या, आणि बोट दाखवून एकेकीला ओळखायला लागल्या. ही मैना. ही तुळशी, इचा नवरा ढोलकी वाजवत होता. ही काशी.

"काशीनं डोक्शावर हे काय घातलं?"

"कंपनीचा नियम हाय, आई," मेश्राम म्हणाले. त्यांना रडू आवरत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मेश्रामांकडचा फिल्टर बिघडला. पार्बताबाई सकाळी पाणी भरायचा छोटा पितळी गुंड घेऊन हापशीवर यायला लागल्या. आधी वहिनी धरून आणायच्या, नंतर नुसत्या मागून यायच्या. माझी बायको पाणी घेऊन पूर्वीपेक्षा बरीच उशिरा घरी येते, आणि मला चहाही तितकाच उशिरा मिळतो. फिल्टरचं काय झालं म्हणून मी मेश्रामांना विचारलं. म्हणाले, पार्ट भेटून नाही राहिला. मी स्टोअरचा माणूस. तो पार्ट बाजारात कुठल्याही दुकानात मिळतो. मी आणून देऊ का म्हटलं, तर "नोका" म्हणाले आणि रस्त्याकडे पाहायला लागले.

परवा कारखान्याच्या बसची वाट पाहत आम्ही दोघं कॉलनीच्या फाटकाशी उभे होतो. हापशीवर पार्बताबाईंचा नंबर आला, तर त्यांनी मागचीला म्हटलं, "तू जाय पुढं." तिचं झालं, तर तिच्या मागचीला पुढं केलं. गुंड रिकामाच. मला राहवलं नाही. मी जवळ जाऊन म्हटलं, "आई, सगळ्यांना पुढे सोडता, मग तुम्हाला पाणी कधी मिळणार?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कारखान्यात एवढी वर्षं काढून या माणसाला एवढंही कळू नये, असं ते पाहणं होतं.

"पानी कोनाले पायजे, बापू?"

बस येऊन हॉर्न वाजवत होती. मेश्राम हेल्मेट काखेत धरून रांगेकडे पाहत उभे होते. आत सगळे खोळंबले होते, ड्रायव्हरनं दोनदा हाक मारली. मी बसमध्ये चढलो आणि त्याला म्हटलं, थांब जरा, येतात ते.