घरटी एक माणूस

सणसवाडीच्या एका कारखान्यात अंतिम तपासणीच्या टेबलावर बसणाऱ्या महेंद्रला एके सकाळी हातातला भाग चांगला आहे की वाईट, हे ठरवता येईना. मापाचं गेज लावलं, बसलं. काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा बसलं. तरी छातीत धडधडायला लागलं. आपल्याला बसलेलं दिसतंय, पण ते खरंच बसलंय कशावरून? जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो त्या एकाच भागावर होता आणि मागं सगळी लाइन तुंबली होती.

पुढचे काही दिवस हेच. व्यवस्थापनानं प्रकरण गांभीर्यानं घेतलं, म्हणजे लाइनचं. मनुष्यबळ विभागाच्या भाग्यश्री मॅडमनी महेंद्रला केबिनमध्ये बोलावलं, पाणी दिलं, आवाज मऊ केला.

"महेंद्र, अँग्झायटी, डिप्रेशन, यात लाजण्यासारखं काही नाही. कंपनी तुमच्या पूर्ण पाठीशी आहे. म्हणून उद्यापासून येऊ नका."

"मग मॅडम, माझं टेबल?"

"ऑनलाइन थेरपी आहे ना. मनखुशाली ॲप. मोफत! बरे झाल्याचा दाखला आणा, टेबल तुमचंच."

महेंद्र मोटारसायकलवर राहू गावाला, घरी आला, बूट न काढता कॉटवर पडला आणि उठलाच नाही.

*टिंग. नमस्कार महेंद्र! बरं होण्याची तुमची इच्छा किती? खालचा ठिपका बोटानं सरकवा.*

दुसरा कुणी असता तर त्यानं ठिपका मधोमध ठेवून सुटका करून घेतली असती. पण महेंद्र तपासनीस. त्यानं स्वतःला नीट तपासलं. आत इच्छा सापडली नाही. ठिपका होता तिथंच राहिला.

*टिंग. क्षमस्व. ही सेवा प्रेरित ग्राहकांसाठी राखीव आहे. कृपया आधी प्रेरणा वाढवा: पहाटे उठा, उन्हात चाला, मित्रांत मिसळा, आनंदी राहा. त्यानंतर तुमच्या नैराश्यावर उपचार सुरू होतील.*

हे सगळं जमत असतं तर मी टेबलावर नसतो का, असा विचार महेंद्रच्या मनात आला. ॲपमध्ये त्यासाठी बटण नव्हतं. त्यानं फोन उशाखाली घातला. फोन तिथंही प्रेरणा देत राहिला.

चार दिवसांनी वडील शंकरराव कॉटपाशी आले. "आरं, कुनाचं बोलावनं येतंय सारखं?"

"उपचाराचं हाय, आबा. मला न्हाई जाववत."

"मग काय झालं? घरातनं कुनीतरी गेलं म्हंजी झालं."

शंकररावांचा हा हिशेब चुकीचा म्हणावा, तर अख्खा गाव चुकीचा ठरेल. लग्नाचं आमंत्रण असो, मयत असो, जयंतीच्या आधीची विहाराची झाडलोट असो, घरटी एक माणूस आलं की घर आलं. ज्याच्या नावानं सांगावा, तो तापानं पडला तर त्याचा भाऊ जातो, भाऊ नसेल तर आई. कोण आलं हे कुणी विचारत नाही. कोण आलं नाही, हे मात्र वर्षभर विचारतात.

"पन मामंजी, दुखनं ह्यांचं हाय," राजश्री, म्हणजे महेंद्रची बायको, चुलीपासून म्हणाली.

"दुखनं त्याचं, हजेरी घराची. तू शिकलेली हायेस, तुला न्हाई कळायचं."

तर महेंद्रची आई पार्वतीबाई धुतलेलं पातळ नेसली, केस चापून विंचरले आणि फोन घेऊन पाण्याच्या टाकीजवळच्या कट्ट्यावर जाऊन बसली. बोलण्यापुरती रेंज तिथंच येते. राजश्रीनं तिला प्रश्न वाचून दाखवला. बरं होण्याची इच्छा किती?

लेकरू बरं व्हावं ही आईची इच्छा किती असणार? पार्वतीबाईंनी ठिपका ओढला तो पार टोकाला नेला, आणि तिथंही अंगठ्यानं दाबून धरला. फोनवर रंगीत कागदांचा पाऊस पडला. सृष्टी मॅडम नावाची समुपदेशक मिळाली. दर मंगळवारी, सकाळी.

"नमस्कार, मी सृष्टी. इथं तुम्हाला कुणी नावं ठेवणार नाही. मोकळेपणानं बोला."

"जयभीम, मॅडम. मी महेंद्रच्या घरनं बोलतीय. त्याची आई."

सृष्टी मॅडमच्या पडद्यावर ग्राहकाचं नाव होतं, इच्छा होती, बोलणारं कोण यासाठी जागा नव्हती.

"छान! म्हणजे तुम्ही आईच्या भूमिकेत शिरून बोलणार. फार प्रगत तंत्र आहे हे. बोला. सकाळी उठावंसं वाटतं?"

"न्हाई वाटत."

"मग काय करता?"

"काय करनार? उठती. चूल कोन पेटवंल?"

"वा! आणि हे असं कधीपासून?"

पार्वतीबाईंनी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे बघितलं. हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. विचारणारी बाई पुण्यात होती की दिल्लीत, देव जाणे. पण ती उत्तरासाठी थांबली होती.

"लगीन झाल्यापासनं म्हना," पार्वतीबाई म्हणाली, आणि मग जे सुरू झालं ते वेळ संपल्याची घंटा वाजली तेव्हाच थांबलं.

घरी आली तेव्हा डोळे लाल होते आणि चेहरा धुतल्यासारखा.

"आत्या, एवढं काय बोलला?"

"घरचंच."

"अवो, पन उपचार ह्यांचा हाय का तुमचा?"

"घराचा हाय," शंकरराव म्हणाले. "आता च्या टाक."

*टिंग. महेंद्र, तुमच्या प्रेरणेनं आम्ही भारावलो आहोत. तुमची अंतर्दृष्टी तुमच्या वयाच्या पुरुषांत क्वचित आढळते.*

मंगळवारामागून मंगळवार गेले. पार्वतीबाई फोन कनवटीला लावून शेवंतीच्या वाफ्यांतून फिरायची, त्यामुळे ॲपच्या पावलं मोजण्यात महेंद्रचं चालणंही कंपनीत पहिलं आलं. कॉटवरचा महेंद्र तेवढा तसाच होता. फक्त एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. आई आताशा रात्रीची झोपत होती. कधीकधी भांडी घासताना गुणगुणत होती. आईला बोलून एवढं हलकं वाटतं, तर आपणही बोलून बघावं का?

ही इच्छा होती. बारीक, पण खरी. त्यानं ती उलटीपालटी करून तपासली. बसली.

त्या मंगळवारी तो उठला, तोंड धुतलं, बूट घातले, कट्ट्यापर्यंत चालत गेला. "आई, दे. आज मी बोलतो."

पार्वतीबाईंनी फोन त्याच्या हातात दिला.

*टिंग. अभिनंदन, महेंद्र! तुम्ही बरे झाला आहात. तुमची फाइल आनंदानं बंद करण्यात येत आहे.*

त्यानं मदत क्रमांक लावला. "मला सृष्टी मॅडमशी बोलायचंय."

"सर, तुम्ही बरे झालात."

"मी अजून सुरूच केलं न्हाई!"

"बरं झाल्यावर असं वाटतं, सर. कॉमन आहे."

"मग परत चालू करा की."

"त्यासाठी तब्येत बिघडलेली लागते. आणि सर, तुमच्या आवाजात तर बोलायची केवढी इच्छा आहे! म्हणजे तब्येत उत्तम."

फोन बंद झाला. पाठोपाठ भाग्यश्री मॅडमचा आला. दाखला थेट कंपनीत पोचला होता. सत्काराचं ठरलं होतं.

कारखान्याच्या आवारात मंडप घातला, फ्लेक्स लावला. त्यावर महेंद्रचा फोटो आणि खाली 'सर्वाधिक प्रेरित ग्राहक'. शाल, नारळ झाले आणि त्याच्या हातात माइक आला. चार शब्द प्रेरणेवर बोला म्हणाले. महेंद्रनं तो गेजसारखा धरला. समोर सगळी लाइन बसली होती. आता सांगायचंच, असं त्यानं ठरवलं.

"माझी तपासणी झालेलीच न्हाई," तो म्हणाला. "तपासलं माझ्या आईला. शिक्का माझ्यावर मारला. मी अजून बरा न्हाई."

मग भाग्यश्री मॅडमनी डोळे पुसले. "किती नम्र! सगळं श्रेय आईला!" आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की माइक बंद आहे का चालू, हे महेंद्रला कळेना.

टेबल परत मिळालं. त्याला त्रास नको म्हणून पद्धतही बदलली होती. आता एकेक भाग तपासायचा नाही. पेटीतला एक काढायचा, तो चांगला निघाला की अख्खी पेटी पुढं. ही पद्धत महेंद्रला समजावून सांगावी लागली नाही. तो स्वतः अशाच पेटीतून पुढं आला होता.

मंगळवारी त्याची सुट्टी होती. सकाळी बघतो तर आई धुतलेलं पातळ नेसून कट्ट्यावर बसलेली. मांडीवर फोन. मुका.

तो शेजारी बसला. टाकीतून पाणी ठिबकत होतं.

"मॅडम पहिलं काय म्हनायच्या गं?"

"म्हनायच्या, नावं ठेवनार न्हाई. बोला."

"आन् मग?"

"मग थांबायच्या."

"तू थांबशील?"

पार्वतीबाईंनी फोन उताणा होता तो पालथा ठेवला. "मला कुठं जायाचंय? तुझं झालं की माझं."

*टिंग. प्रिय वाचक, ही कथा तुम्ही शेवटपर्यंत वाचलीत. तुमच्या प्रेरणेबद्दल अभिनंदन! घरटी एकानं वाचलं तरी पुरेसं असल्यानं तुमच्या घरातले सर्वजण खुशाल असल्याची नोंद घेण्यात आली आहे. आतल्या खोलीत अजून कुणी उठलं नसेल, तर त्यांना विचारण्याची आवश्यकता नाही.*