अण्णांचा सदर बाजार

अण्णा पाग्यांच्या मते, चित्रात उभं राहिल्याशिवाय झाँसीतून माणसाची बदली होतच नाही. ऑर्डर येते, ट्रक येतो, माणूस निघूनही जातो. पण बदली काही होत नाही.

क्वार्टर मिळेपर्यंत म्हणून आम्ही झाँसीच्या नगरा मोहल्ल्यात भाड्यानं राहिलो, त्यात अण्णांचा शेजार लाभला. ते निवृत्त ड्रॉइंग मास्तर, एकटेच राहायचे. पिढ्यान्‌पिढ्या झाँसीकर. झाँसी सोडणाऱ्या प्रत्येक मराठी फौजी कुटुंबाला ते छावणीतल्या सदर बाजाराचं मोठं पोस्टर रंगवून देत. दुकानांच्या पाट्या, रिक्षा, चाटच्या गाड्या सगळं जसंच्या तसं, आणि त्या गर्दीत ते कुटुंब. एकदा मिठाईवाला लाडात येऊन म्हणाला, "मास्टरजी, मेरी दुकान ज़रा बड़ी बना दो."

"पहले तुम दुकान बड़ी बनवाओ, फिर मैं बनाऊँगा," अण्णा म्हणाले.

आमची ऑर्डर अचानक आली. मी ट्रंकेत भांडी कोंबत होते, तेवढ्यात अण्णा दारात हजर.

"सूनबाई, चला बाजारात."

"अण्णा, वेळ कुठाय?"

"वेळ फौजेला नसतो. मला आहे. चला!"

ह्यांनी फोटो देऊ केला. "फोटोत माणूस सजून येतो," अण्णा म्हणाले. "मुझे असली चाहिए."

ह्यांचे कपडे ट्रंकेत गेलेले, म्हणून हे लेंग्यावरच निघाले. भर बाजारात युनिटमधले दोन जवान भेटले. त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला, ह्यांनी लेंग्यातून तो घेतला, आणि अण्णांनी नेमकं तेच टिपलं. आमची लेक चिनू फुगेवाल्याजवळून हलेना, म्हणून चित्रातही ती तिथेच राहिली. मला मात्र अण्णांनी उगाचच भाजीची पिशवी धरायला लावली. "तू रिकाम्या हातानं बाजारात दिसलीच नाहीस कधी," म्हणे.

निघायच्या दिवशी दुपारी मी पोस्टर आणायला गेले. अण्णांचे डोळे जागरणानं लाल झाले होते. मी चित्रातला सगळा रस्ता डोळे भरून पाहिला. इतक्या वर्षांत इतक्या जणांना ह्या माणसानं असं वाटेला लावलं असेल, आणि दर वेळी दार लावून पुन्हा एकटाच बसला असेल. 

"अण्णा, यात तुम्ही कुठे आहात?"

"मी कशाला? मी इथंच असतो."

"काढा."

"रंग सुकलाय, बेटा. तुमची गाडी चुकेल."

"चुकू दे." मी जमिनीवर बसकण मारली. "तुम्ही आल्याशिवाय मी उठणार नाही."

पुटपुटत, कुरकुरत त्यांनी ब्रश ओला केला. फुगेवाल्यापाशी, चिनूचं बोट धरलेला एक म्हातारा उमटला. सुकेपर्यंत ते त्यावर फुंकर घालत राहिले. मग त्यांनी पोस्टर गुंडाळलं, सुतळी बांधली, माझ्या हातात दिलं, पण सोडेनात.

"सांभाळून ने हं," अण्णा म्हणाले. "झाँसीबाहेर मी कधी गेलेलो नाही."