खिल्लारे सरांचा निळा फ्यूज

खिल्लारे सरांच्या शर्टाच्या खिशात पेन मी कधी पाहिलं नाही. तिथे मोटारीचे फ्यूज असायचे. लाल, निळे, पिवळे, नखाएवढे प्लॅस्टिकचे तुकडे. कळमनुरीला आमची घरं भिंतीला भिंत लागून. पहिल्या भेटीत मला त्या गोळ्याच वाटल्या, आणि मी काळजीने त्यांच्या ब्लडप्रेशरची चौकशी केली. सरांनी एक लाल तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला.

"उन्हाकडं धरा, पतंगेभाऊ. आत तार दिसून राहिली ना? तार सलग हाय तर फ्यूज जिता. तुटली तर गेला. डॉक्टर लागत न्हाई."

सर शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त होताना त्यांनी एक छोटी, पांढरी, जुनी मोटार घेतली आणि तिच्या इंजिनापेक्षा स्टिअरिंगखालच्या फ्यूजच्या पेटीवर त्यांचा जीव जडला. चालवायचे बेताचंच. सिद्धेश्वर धरणाच्या पलीकडे ती गाडी फारशी गेली नाही. पण कोणता फ्यूज कशाचा, हे त्यांना पाढ्यासारखं पाठ होतं. दहा अँपिअरचा लाल, पंधराचा निळा, विसाचा पिवळा. माणसंही ते याच मापाने मोजत. जुन्या हेडमास्तरांबद्दल म्हणायचे, "फ्यूज दहाचा, अन् काम तिसाचं अंगावर घेऊन राहिले. जळतीन एक दिवस."

"आधी फ्यूज पाहा" हे त्यांचं पालुपद. एकदा जवळा बाजारला जाताना रस्त्यात कुणाची तरी जीप बंद पडलेली दिसली, तर सर एसटी थांबवून खाली उतरले. फ्यूज बदलला, जीप सुरू झाली, आणि जीपवाला आनंदाच्या भरात उलट्या दिशेने निघून गेला. एसटी तर केव्हाच गेली होती. सर पोचले तेव्हा बाजार उठत होता. पिशवी रिकामी कशी, असं काकूंनी विचारलं, तर म्हणाले, "इग्निशनचा होता. पंधराचा."

काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. गेलेले फ्यूजसुद्धा सर टाकत नसत. काकूंची बडीशेपेची डबी त्यासाठी त्यांनी कधीच बळकावली होती. काकू म्हणायच्या, "गेलेले काहून सांभाळून राहिले?"

"असू दे. गेलेलाबी कवा कामाला येतो."

दोघांची खरी जुंपायची ती वारावरून. त्यांची एकुलती एक लेक सुजाता लग्न होऊन औरंगाबादला गेलेली, तिकडे शाळेत शिकवायची. ती माहेरी आली आणि निघायचा दिवस बुधवार असला, की काकू तिला हलू देत नसत. "जाशील बुधी, येशील कधी," एवढंच म्हणायच्या. सर उखडायचे. "बुधवारी पृथ्वी उलटी फिरते काय? आपल्या घरात हे वारबीर चालणार न्हाई." काकू सुजाताची बॅग परत कॉटखाली सरकवायच्या. सुजाता राहायची. आणि सर कुरकुर करतच तिच्यासाठी धरणावरचे मासे आणायला निघायचे.

मग एका पावसाळ्यात काकू गेल्या.

त्यानंतर सर संध्याकाळी गाडीत जाऊन बसू लागले. गाडी जागची हलत नसे. आतला छोटा दिवा तेवढा लावायचे आणि शेजारच्या सीटवर हात ठेवून बसायचे. मी एकदा म्हणालो, "सर, बॅटरी उतरंल."

"उतरू द्या," सर म्हणाले. फ्यूजबद्दल एक अक्षर नाही. मला फार वाईट वाटलं.

थंडीत सुजाता आणि जावई त्यांच्या स्वतःच्या छोट्या गाडीतून दोन दिवसांसाठी आले. तिसऱ्या दिवशी सकाळी बॅगा डिकीत गेल्या, जावयांनी चावी फिरवली, आणि स्टार्टर नुसता फिरत राहिला. इंजिन काही धरेना. मी भिंतीपाशी उभा होतो. मनात म्हटलं, आता पाहा, सर दोन मिनिटांत मोकळी करतील.

पण सर त्या दिवशी फारच निवांत होते. एकेक फ्यूज काढायचे, उन्हाकडे धरायचे, त्यावर धडा घ्यायचे आणि परत बसवायचे. हॉर्नचा झाला, वायपरचा झाला. इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाचा निळा हातात आला तेव्हा त्यांनी त्यावर अंगठा ठेवला. "हा बराबर हाय," म्हणाले. तेवढ्यात अंगठा जरा सरकला आणि आतली तुटलेली तार मला स्वच्छ दिसली. इतक्या वर्षांचा शेजार, एवढं मलाही कळत होतं. मी बोलायला तोंड उघडलं, तर सुजाताने माझ्याकडे पाहून किंचित मान हलवली.

"बाबांना सापडत नाही म्हणजे अवघडच दिसतंय," ती नवऱ्याला म्हणाली. "उद्या सकाळी मेकॅनिक बोलावू." जावई रजेचा फोन करायला बूथवर गेले. सर पिशवी घेऊन मासे आणायला गेले.

दुपारी ती भिंतीपाशी आली. "काका, निळा गेलेला आहे. आईच्या डबीतलाच आहे तो."

"मंग बोलली काहून न्हाईस?"

"आज बुधवार. आईनं निघू दिलं नसतं. बाबांना तसं म्हणता येत नाही ना. जन्मभर हसले तिला." डोळे पुसून ती आत गेली. थोड्या वेळाने पलीकडून मासे तळल्याचा वास आला, आणि पावसाळ्यानंतर पहिल्यांदाच सरांचं हसू ऐकू आलं.

गुरुवारी मेकॅनिक यायच्या आत गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली. "थंडीनं आखडली असंल," असं विज्ञानाच्या सरांनी जावयांना समजावलं. गाडी वळणाआड गेली तरी सर फाटकातच उभे होते.

संध्याकाळी ते माझ्याकडे आले. खिशातून निळा फ्यूज काढून त्यांनी टेबलावर ठेवला. मंगळवारी रात्री चांगला काढून हा गेलेला आपणच बसवला, असं सगळं कबूल केलं. "पण सारखा सारखा फ्यूज जाऊन चालणार न्हाई, भाऊ. माझ्या हाताखाली शिकलेली पोरगी हाय. एखाद्या दिवशी ओळखंल."

मी तो फ्यूज उचलून दिव्याकडे धरला.

"तुमच्याकडं कॅलेंडर हाय ना? मे महिन्यात येतो म्हणली. पहिला आठवडाभर राहीन म्हणली. बुधवार कवा पडून राहिला, पाहा बरं."

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मे महिन्याचं पान उलटलं आणि तारखेवर बोट ठेवलं. सरांनी चष्मा वर सरकवून ते पान वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आठवड्यात एकच असतो, न्हाई का," ते म्हणाले.