नवरदेवाच्या गाडीचं ॲव्हरेज

पेट्रोल आणि बॅटरी अशा दोन्हींवर चालणारी गाडी २००९ सालच्या उन्हाळ्यात आमच्या अख्ख्या हिंगोलीत एकच होती, आणि ती माझ्या दारात उभी होती!

गाडी माझी नव्हे, माझ्या पुण्याच्या दिराची. कंपनीने त्याला तीन महिन्यांसाठी परदेशी पाठवलं, तेव्हा तो किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाला, "वहिनी, नुसती उभी ठेवू नका, बॅटरी उतरते. आणि तुम्ही फिजिक्स शिकवता, तर एक काम करा. हायवेवर ही किती स्पीडला सगळ्यात जास्त ॲव्हरेज देते, तेवढं शोधून ठेवा."

"आल्यावर नेमका आकडा सांगते," मी म्हणाले. "अंदाज नाही. आकडा!"

दुसऱ्या एखादीला दिराने पैठणी आणली असती तर ती जेवढी हरखली असती, तेवढी मी त्या प्रश्नाने हरखले. पण प्रयोगाला सलग मोकळा रस्ता लागतो. माझं घर ते कॉलेज म्हणजे चार खड्डे आणि एक गतिरोधक! आठ दिवस मी पिंजऱ्यातल्या पोपटासारखी घरात येरझाऱ्या घातल्या. नवव्या दिवशी माझा मोठा भाऊ, नरसिंगदादा, आला.

"निते, भूषणचं लग्न डोंगरकड्याला हाय. नवरदेव तुझ्या गाडीत येईल म्हनतो. जमंल ना?"

हिंगोली ते डोंगरकडा! कळमनुरी, आखाडा बाळापूर, सगळा पन्नासएक किलोमीटरचा सलग रस्ता! मी इतक्या पटकन हो म्हणाले, की दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला ती आत्याची माया वाटली.

इथे नवरीच्या वडिलांबद्दल सांगायला हवं. देविदासराव एस.टी.च्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते, नुकतेच निवृत्त झालेले. भूषण आणि राणी डी.एड.ला एका वर्गात होते, तिथेच त्यांचं जमलं. देविदासराव दोन वर्षं हो म्हणेनात. शेवटी म्हणाले तेही असं: "आमी मुहूर्त मानत न्हाई, पण टाइम मानतो. मंगल परिणय साडेअकराला. त्याच्या पुढं नवरदेव आला, तर ती गाडी मी रद्द समजंन."

त्यामुळे बुद्धभूषण, म्हणजे आमचा भूषण, पहाटेपासून पांढरा सूट घालून उभा होता. बसला नाही, सुरकुत्या पडतील म्हणून.

निघण्याआधी मी गाडीच्या चारही चाकांतली हवा तपासली. मग बॉनेटवरचे झेंडूचे हार काढून वऱ्हाडाच्या जीपमध्ये टाकले.

"अगं, हार काहून काढून राहिली?" दादा ओरडला.

"दादा, हार वाऱ्याला अडवतात. ॲव्हरेज कमी होतं."

"अन् ही पिशवी?" चतुरावहिनी म्हणाल्या. चतुरावहिनी म्हणजे भूषणची आई.

"पिशवीला वजन आहे, वहिनी. तीही जीपमध्ये."

"मग मलाबी जीपमदीच टाका ना, वन्सं! माझंबी वजन हाय!"

ही सूचना शास्त्रीयदृष्ट्या अगदी बरोबर होती. पण दादाच्या चेहऱ्याकडे पाहून मी ती स्वीकारली नाही.

शेवटी निघालो. पुढे मी आणि भूषण, मागे वहिनी. आमच्यामागे भावसिंग ड्रायव्हरची जीप, तिच्यात दादा आणि मंडळी. त्यामागे बँडवाल्यांचा टेम्पो. काचा मी पूर्ण बंद करायला लावल्या, कारण उघड्या काचेतून वारा शिरतो आणि गाडीला मागे खेचतो. एसीही बंद, कारण तो बॅटरी खातो. मे महिना होता.

कळमनुरीपर्यंत मी ऐंशीचा वेग धरला. समोरच्या पडद्यावर ॲव्हरेजचा आकडा दिसत असे, तो वाचायचं काम भूषणकडे होतं.

"सतरा," भूषण म्हणाला. त्याच्या कपाळावरून घामाचा पहिला थेंब निघाला.

कळमनुरी ओलांडल्यावर सत्तर. "वीस," भूषण म्हणाला. मग साठ. "बावीस! आत्या, बास झालं ना आता?"

"उतार आहे इथे, हा आकडा धरता येणार नाही. पन्नास करून बघू."

पन्नासला आकडा चोवीस झाला. चोवीस! माझं काळीज असं धडधडू लागलं, की नवरी मीच की काय! मागे मात्र भावसिंगची जीप हॉर्न वाजवून वाजवून घसा बसवून घेत होती. ती आम्हाला ओलांडू शकत होती. रस्ता रिकामा होता. पण नवरदेवाच्या गाडीपुढे वऱ्हाड गेलेलं चालत नाही!

दादाचा फोन आला. वहिनींनी स्पीकर लावला.

"निते, भावसिंग म्हनतो गाडीत काही बिघाड हाय काय?"

"उलट फार उत्तम चालली आहे. घाई असेल तर पुढे जा ना, दादा. ह्या असल्या गोष्टी आपण मानत नाही."

"मानायचं काय त्याच्यात? ही अंधश्रद्धा न्हाई, इज्जत हाय! नवरदेवाच्या आधी बाप जाऊन पंगतीला बसला म्हनतील!"

म्हणजे माझ्यामागे जीप, जीपमागे टेम्पो, टेम्पोत बँड. सगळे पन्नासने. बँडवाल्यांनी कंटाळून वाजवायला सुरुवात केली.

बाळापूरच्या अलीकडे एक एस.टी. आम्हाला ओलांडून गेली. जाताना ड्रायव्हरने वाकून आत पाहिलं. आतल्या दृश्याचा विचार मी नंतर केला. बिनाहाराची गाडी. काचा गच्च बंद. आत पांढऱ्या सुटातला नवरदेव, चेहरा लाल, नजर शून्यात, घामाने निथळतोय. एस.टी.चे ड्रायव्हर आपल्या जुन्या साहेबाला विसरत नाहीत; त्याने पुढे जाऊन साहेबांना फोन लावला असणार. दहा मिनिटांत भूषणचा फोन वाजला.

"जावई," देविदासरावांचा आवाज आला, "गाडीला हार न्हाई म्हने."

"मामा, ते आत्यानं काढले."

"काचा लावून बसले म्हने. कुणाला तोंड दाखवून न्हाई राहिले."

"मामा, ते वाऱ्यामुळं..."

"अन् पन्नासनं येऊन राहिले! मी चाळीस वर्षं गाड्या सोडल्या, जावई. ज्याला यायचं असतं तो पन्नासनं येत न्हाई. मनात काही असंल तर आताच सांगा, मी पोरीला सांगतो."

"न्हाई हो मामा! आत्या प्रयोग करून राहिली!"

"प्रयोग? माझ्या लेकीच्या लग्नात प्रयोग?"

आणि रेंज गेली.

भूषण माझ्याकडे वळला. असा चेहरा मी फक्त तोंडी परीक्षेत पाहिला आहे. "आत्या, पळव! मी पाया पडतो, पळव!"

"पळवते रे. फक्त पंचेचाळीसचं एकदा..."

"वन्सं!" मागून वहिनी कडाडल्या. "लेकराचं लग्न हाय, प्रॅक्टिकल न्हाई!"

जड अंत:करणाने मी ऐंशीवर गेले. ॲव्हरेजचा आकडा कोसळताना मला बघवत नव्हता. पण वेळेचं गणित मी मनात मांडलं, ते जुळत होतं. आम्ही वेळेत पोहोचत होतो!

आणि डोंगरकड्याच्या तोंडाशी केळीचा ट्रक आडवा झालेला होता.

समोर ट्रक, त्यापुढे बैलगाड्या, दोन्ही बाजूंना बाजाराला आलेले लोक. लग्नाचं कार्यालय समोर दिसत होतं, चार-पाचशे मीटरवर. गच्चीवर माणसं उभी होती. मी ब्रेक दाबला. आणि ह्या गाडीचा जो सर्वांत मोठा गुण, तो तिने दाखवला: थांबताच इंजिन आपोआप बंद झालं. थेंबभर पेट्रोलसुद्धा वाया जाऊ नये म्हणून!

"आत्या, बंद पडली!" भूषण किंचाळला.

"बंद नाही पडली. विचार करून थांबली आहे."

पण भावसिंग जीपमधून उतरला होता. त्याने बॉनेटला कान लावला, छाती बडवून घेतली आणि ओरडला, "गाडी गेली! लावा धक्का!"

आपल्याकडे रस्त्यात बंद गाडी दिसली, की माणसाचे हात आपोआप पुढे येतात. वऱ्हाड आलं, बँडवाले आले, बाजारातले लोक आले. मी काच खाली केली.

"अहो, गाडी चालू आहे!"

"चालू हाय तर आवाज कुठंय?" भावसिंग म्हणाला.

"आवाज न करता चालते ती!"

"आवाज न करता आपल्या घरात कोन चाललंय आजवर?" वहिनी मागून म्हणाल्या.

मी हलकेच पाय दाबला. गाडी बॅटरीवर, पावलं न वाजवता, पुढे सरकली. गाडी चालते हे त्यांच्या डोळ्यांना दिसावं, एवढाच माझा हेतू होता. झालं उलटंच! "चालली! चालली! अजून जोर लावा!" असा गलका झाला. ढकलणारे दुप्पट झाले.

"असं न्हाई व्हायचं," दादा म्हणाला. "इथल्या गुलाबचंदचा ट्रॅक्टर आना, वळखीचा हाय. वावरातल्या वाटेनं ओढून नेऊ."

"बाबा, त्यापेक्षा मी पायी जातो," भूषण म्हणाला.

"नवरदेव पायी? मला व्याह्याला तोंड दाखवायचं हाय! बस आत!"

गुलाबचंदने दोर बांधला. ट्रॅक्टर धडधडत रस्त्यावरून खाली उतरला आणि आमची गाडी मागोमाग, माणूस चालतो त्या वेगाने. मी आणखी ओरडणार होते. पण तेवढ्यात माझी नजर पडद्यावर गेली. अठ्ठावीस... पस्तीस... पन्नास... ब्याण्णव... नव्व्याण्णव! त्याच्या पुढचा आकडा त्या पडद्यावर मावतच नव्हता! मी ओरडायचं विसरले.

भूषणचा फोन वाजला. ह्या वेळी राणी होती. घाईत त्याच्याकडून स्पीकर दाबला गेला, आणि तिचा शब्द न् शब्द ऐकू आला.

"भूषण, मी गच्चीवर उभी हाय. दोर बांधून ओढून आनून राहिले तुला. सगळं गाव बघून राहिलं. यायचं नव्हतं तर एवढं तरी सांगायचं होतं. मी साडी बदलून येते अन् मंडपात माफी मागते सगळ्यांची."

"राणी, थांब! साडी बदलू नको!"

दार उघडल्याचा आवाज झाला. मी वळून पाहिलं तर शेजारची सीट रिकामी! पांढरा सूट वावरातून सुसाट निघाला होता. एक बूट ढेकळात राहिला, तरी थांबला नाही. ट्रॅक्टरला मागे टाकलं, बैलगाड्यांना मागे टाकलं.

"नवरदेव पळाला!" मागून भावसिंगने बोंब ठोकली.

कुठल्या दिशेला पळाला, हे कोणीच बघितलं नाही. सगळं वऱ्हाड त्याला धरायला धावलं. दादा धोतर सावरत धावला. वहिनी गाडीतून उतरून धावल्या, आणि त्यांनी दादाला मागे टाकलं. बँडवाले ढोल-ताशांसकट धावले आणि धावताना ढोल आपोआप वाजू लागले.

कार्यालयाच्या दारात देविदासराव हातातल्या घड्याळाकडे बघत उभे होते. एका पायात बूट, अंगभर धूळ अशा अवस्थेत भूषण त्यांच्यापुढे येऊन थांबला आणि धापा टाकत म्हणाला, "जय भीम, मामा. आलो."

देविदासरावांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग मागून धावत येणाऱ्या अख्ख्या वऱ्हाडाकडे पाहिलं. मग पुन्हा घड्याळाकडे.

"अकरा सत्तावीस," ते म्हणाले. "चाळीस वर्षांत एक गाडी बिफोर टाइम आलेली पाहिली न्हाई. आज सगळं वऱ्हाड आलं. तेबी पळत!"

त्यांनी जावयाला तिथेच मिठी मारली. गच्चीवरून राणी हसत खाली आली. तिने साडी बदलली नव्हती. भंतेजींनी बरोबर साडेअकराला वंदना सुरू केली.

मी पोहोचले तेव्हा लग्न लागलेलं होतं. ट्रॅक्टर थांबवा म्हणून सांगायला कोणी उरलंच नव्हतं, आणि गुलाबचंदला त्याच्या इंजिनाच्या आवाजात माझा हॉर्न ऐकू येत नव्हता. त्याने मला गावाला एक पूर्ण फेरी घालून आणलं. सासरी जाताना नवरी कुठल्या गाडीत बसणार, असं मी विचारलं, तेव्हा दोन्हीकडची माणसं पहिल्यांदाच एका सुरात बोलली, "जीपमदी!"

जुलैत दीर परत आला. चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत त्याने विचारलं, "काय वहिनी, सापडला का आकडा?"

"सापडला," मी म्हणाले. "ताशी पाच किलोमीटर. नव्व्याण्णवचं ॲव्हरेज."

आणि मी नजर चहाच्या कपात घातली. आकडा खोटा नव्हता, मी स्वतः पाहिला होता. फक्त गुलाबचंदच्या ट्रॅक्टरला डिझेल किती लागलं, तेवढं मोजायचं राहून गेलं!