मेरीबेथच्या लग्नात दोनदा ‘अरेरे’

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी होणारा कॉलेज फुटबॉलचा तो गटाचा अंतिम सामना कायमचा बंद करून टाकावा, हे व्हर्लन टॅकेटचं मत अख्ख्या पाइन फोर्कला तोंडपाठ होतं. स्कूलबस दुरुस्त करणाऱ्या या माणसाने गावच्या पेपरात त्यावर सात पत्रं छापून आणली होती आणि सातही पत्रांत कुणाची ना कुणाची सालटी काढली होती. बारा सामने खेळून पोरांचे गुडघे बसच्या जुन्या दारासारखे करकरतात, वर हा तेरावा कशाला? जिंकलात तर एक करंडक. हरलात तर टाय लावलेली निवड समिती राष्ट्रीय स्पर्धेतून हाकलून देणार. पोट भरतं ते टीव्हीवाल्यांचं!

चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या ओपलबाई स्ट्रिबलिंग तेवढ्या त्याला पुरून उरायच्या. गटात अव्वल कोण हे मैदानावर ठरू दे, असं त्यांचं म्हणणं. बंद खोलीत मतं टाकणाऱ्यांनी आयुष्यात एक तरी मार खाल्लाय का?

व्हर्लनची एकुलती एक लेक मेरीबेथ. होणारा नवरा डस्टिन सैन्यात, आणि दहा डिसेंबरला त्याला कोरियात हजर व्हायचं होतं. चर्च मोकळं होतं ते नेमकं त्या पहिल्या शनिवारी, दुपारी चारला. मोकळं असणारच! अलाबामात फुटबॉलच्या दिवसांत शनिवारी लग्न काढायची कुणाची छाती होत नाही. काढलंच, तर फोटोत नवरा, नवरी आणि ठार बहिरी आजी.

“डॅडी, आपलं कॉलेज अंतिम सामन्यात गेलं तर?” मेरीबेथने विचारलं.

“कोलमन स्टेट? एकतीस वर्षांत गेलेलं नाही. आणि माझ्या लेखी तो सामनाच नाही.” व्हर्लनने दोनशे बारा पत्रिका त्याच दिवशी छापायला टाकल्या.

त्या वर्षी कोलमन स्टेट जिंकत सुटलं. ऑक्टोबरात गाव हसलं, नोव्हेंबरात गावाने घरांवर झेंडे लावले, आणि शेवटच्या आठवड्यात कोलमन स्टेट अंतिम सामन्यात पोहोचलं. सामना अटलांटात, दुपारी तीनला.

मग फोन सुरू झाले. कुणाच्या मावशीचा गुडघा, कुणाच्या कुत्र्याची शस्त्रक्रिया. न्हाव्याने तर एकाच फोनमध्ये दोन वेगवेगळे आजार सांगितले. तारीख हलवावी तर नवरा कोरियात. मेरीबेथने जेवणाची पानं दोनशे बारावरून तीसवर आणली, आणि ते व्हर्लनला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

तो टोपी हातात घेऊन ओपलबाईंच्या ओसरीवर उभा राहिला. त्यांनी त्याला भरपूर वेळ उभं ठेवलं.

“तीन वर्षं गावाला सांगतोयस, तो सामना बघू नका. मग आता सांग की जाऊन.”

“माझ्यासाठी नको. पोरीसाठी काहीतरी करा.”

“तुझ्यासाठी करतंय कोण? त्या पोरीला मी पियानो शिकवलाय.”

ओपलबाईंनी गावभर निरोप फिरवला: चर्चमागच्या हॉलमध्ये मोठा टीव्ही, तळलेलं चिकन, आणि लग्न लागेपर्यंत ज्याने त्याने कानात काय घालायचं ते घालावं, देव समजून घेईल.

शनिवारी चारला लेकीचा हात धरून व्हर्लन दारात आला आणि थबकला. एक बाक रिकामा नव्हता. ज्यांची ज्यांची त्याने सालटी काढली होती ते सगळे कोटाखाली कोलमन स्टेटचा केशरी सदरा घालून बसले होते. पेपरचा संपादकसुद्धा. शेवटी मेरीबेथलाच त्याला ओढावं लागलं. तेवढ्यात अटलांटात आपला एक पोरगा चेंडू घेऊन सुसाट सुटला. ओपलबाईंच्याही कानात रेडिओ होता, त्यामुळे लग्नाची धून मध्येच दुप्पट वेगाने वाजायला लागली आणि बापलेक जवळजवळ पळतच पाद्रीपुढे पोहोचले.

“हा नवरा तुला मान्य आहे?” पाद्रीने विचारलं.

मेरीबेथ म्हणाली, “आहे.” आणि अर्धं चर्च एका सुरात म्हणालं, “अरेरे!”

आपल्या पोराने मारलेला चेंडू खांबावर आपटून बाहेर गेला होता. पण हे कळलं ते रेडिओवाल्यांना. बाकीचे मांडीवरच्या फोनवर सामना बघत होते, आणि फोनवरचं चित्र येतं अर्धं मिनिट उशिरा. तेवढ्यात डस्टिन ‘आहे’ म्हणाला, त्याने नवरीचं चुंबन घेतलं, आणि उरलेलं अर्धं चर्च कळवळलं, “अरेरे!”

लग्न लागलं तसे सगळे मागच्या हॉलमध्ये टीव्हीपुढे जमले, आणि कोलमन स्टेट दोन गुणांनी हरलं. दुसऱ्या दिवशी समितीने त्यांना राष्ट्रीय स्पर्धेतून वगळलं, अगदी व्हर्लनच्या सात पत्रांत लिहिल्याप्रमाणे. संपादकाने फोन केला, आठवं पत्र तयार असेलच? तयार होतं. ‘सामना ठेवा,’ व्हर्लनने लिहिलं होतं. ‘समितीच्या नावाने मी बोटं मोडत राहीनच. पण त्या हॉलमध्ये दोनशे माणसं एकाच वेळी हळहळली, आणि मग सगळी उठून माझ्या लेकीच्या लग्नात नाचली. त्या प्रत्येकाचा मी ऋणी आहे. ओपलबाईंचा सर्वांत जास्त.’

महिन्याभराने कोरियातून डस्टिनचा फोन आला. लग्नाचा व्हिडिओ त्याने सगळ्या पलटणीला दाखवला होता.

“सर, मेरीबेथ ‘आहे’ म्हणाली तेव्हा लोक अरेरे का म्हणाले?”

“चेंडू खांबाला लागला रे, बाळा.”

“आणि चुंबनानंतर?”

“तोच चेंडू.”

“ठीक आहे, सर,” डस्टिन म्हणाला.

त्याला पटलं नव्हतं. व्हर्लनने फोन ठेवला आणि नववं पत्र लिहायला घेतलं. सामने राहू द्या, हे फोनवरचं प्रक्षेपण आधी बंद करा.