देवाचे मासे चाळीस दिवस कोटाबाहेर बसविले त्याची हकीकत

श्रीजळदेवता प्रसन्न. ज्याचें त्याचें घोटभर पाणी निर्मळ राहो. शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस सरकारचे तळ्यावर वर्तलें, तें जैसें जालें तैसें लिहिलें असे. एक राज्य होतें, त्यास थोर तळें होतें, आणि तळ्याचे मध्यभागीं सरकारांनीं तरता कोट बांधविला होता. कोट म्हणजे तरंगता बंद हौद. भिंत ऐसी की बाहेरील थेंब आपले मर्जीनें आंत न यावा. आंत अठरा हजार रोहू, त्यांवरी अवघ्या राज्याचें जेवण. मागें उघड्या जाळ्यांत मासे ठेविले, तेव्हां रोगाची स्वारी येऊन पंधरवड्यांत माशांची निम्मी प्रजा उलथी पडली आणि लोक वर्षभर नुसत्या आमटीवर जेवले. म्हणोन हा बंदोबस्त. कोटाची पाणीनिशी, म्हणजे पाण्याची देखरेख, सगुणाबाई तांडेल यांजकडे. बाई तरुण, पदवी घेतलेली, नजर घारीची. तळाचें थंड पाणी नळानें ओढावें, मग बारीक जाळीचे फिरते पिंपांतून गाळावें, मग निळ्या दिव्यांखालून न्यावें, जेणेंकरून दृष्टीस न पडणारे जंतु मरावे, मग प्राणवायु भरून आंत सोडावें, आणि बुडाचा गाळ रोजचे रोज उपसावा, ऐसा क्रम. बाई सकाळीं आधीं पाणी पाहात, मग चहा घेत.

ते दिवशीं सरकारांच्या मातोश्री वडील बाईसाहेब नावेंतून कोटावर आल्या. नात जाली म्हणोन नवस होता की माहेरच्या देवाच्या कुंडांतले दोन मासे सरकारचे हौदांत सोडीन. मासे हंड्यांत, माशांचे नाकीं सोन्याची नथ, संगें कारभारी गुंडोपंत. हुकूम जाला की कोटाचें झांकण उघडा. सगुणाबाईंनीं हात जोडून अर्ज केला की पाहुण्या माशांस आधीं बाहेरचे टाकींत चाळीस दिवस बसविण्याची चाल आहे, पाणी वेगळें, मासे उचलण्याचा झेला वेगळा. बाईसाहेबांची मर्जी खप्पा जाली. म्हणाल्या की हे देवाचे मासे, यांस रोग कैसा लागेल? आणि गुंडोपंतांनीं वर तेल ओतिलें की मग एवढे निळे दिवे लाविले ते काय दिवाळीस?

"पंत, दिवे दारावर आहेत," बाई बोलल्या. "हे मासे दारानें येत नाहींत, वरून पडतात. मग दिव्यास कोण पुसतो?"

पंत तळ्याकडे पाहूं लागले. बाईसाहेब म्हणाल्या, "पोरी, उद्यां ही पाणीनिशी दुसऱ्याकडे जाईल, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे, बाईसाहेब. पण नातीच्या खोलींत पाय धुतल्यावांचून कोणास जाऊं देतां?"

बाईसाहेबांनीं हंडा बाहेर न्यावा म्हणोन हातानें खूण केली. कारण परवांच सख्ख्या लेकीस शिंक आली एवढ्यावरून त्यांनीं उंबऱ्याबाहेर बसविलें होतें, हें अवघ्या राज्यास ठाऊक. मग हंडा बाहेरचे टाकींत रिता जाला, परंतु नाव परतली ती विडा न घेतां. मग सगुणाबाईंस झोंप कैंची? मासे धडधाकट निघाले तर पाणीनिशी गेली. आजारी निघाले तर देवाचा कोप आपले माथां. आठ दिवस मासे मजेंत पोहले आणि पंत रोज सहज म्हणोन चौकशीस आले. नववे दिवशीं मासे टाकीच्या भिंतीस अंग घासूं लागले, आणि अंगावर रवा सांडावा तैसे पांढरे ठिपके उठले. मग बाईंनीं मीठ टाकिलें, पाणी कोमट केलें, आणि निरोप धाडिला. बाईसाहेब आल्या, टाकींत वाकून पाहिलें, आणि शेजारचे कोटाकडे पाहिलें, तेथें अठरा हजार दाणा टिपीत होते. मग एवढेंच म्हणाल्या, "पोरी, विडा आण."

पुढें उपचारें मासे बरे जाले. चाळिसावे दिवशीं पंत मुहूर्त काढून सनईवाल्यांसह हजर. बाईसाहेबांनीं टाकींत निरखून पाहिलें आणि म्हणाल्या, "एकाचे शेपटीशीं मला कांहीं दिसतें. आणखी आठ दिवस बसूं दे." सगुणाबाईंनीं भिंग लावून पाहिलें, तो खवल्याचा जन्मजात डाग होता. तरी मान लवून म्हणाल्या, "जशी आज्ञा."

तात्पर्य, अठरा हजार सुखरूप, पाणीनिशी कायम, सनई वाजल्यावांचून परतली. नवस आठ दिवस उशिरां फिटला. देवाकडून तक्रार आली नाहीं.