पाच हजार फुकट फॉन्ट

नांदूरघाटात कॉम्प्युटरमधलं खरं कळतं ते मला एकट्याला. हे मी स्वतःच्या तोंडानं सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगत नाही! स्टँडसमोर माझं 'सोमेश्वर ग्राफिक्स' आहे. बारशाची पत्रिका, लग्नाची पत्रिका, वाढदिवसाचा फ्लेक्स, श्रद्धांजलीचा फ्लेक्स... माणूस जन्मल्यापासून जाईपर्यंत माझ्याच दुकानातून जातो. दारावर पाटी आहे, 'आपल्या आठवणी येथे कायम सुरक्षित!' पाटी मीच लिहिली, उद्गारचिन्हही माझंच.

मागच्या महिन्यात तर शाळेनं मला व्याख्यानाला बोलावलं. अनोळखी लिंक दाबू नका, फुकटच्या फायली उतरवून घेऊ नका, असं मी पोरांना तासभर बजावलं. हेडमास्तरांनी नारळ आणि शाल दिली. ती शाल खुर्चीवर घालून, तिच्यावर ऐसपैस बसून, पुढच्याच सोमवारी मी फुकटची फाईल उतरवून घेतली!

काय करणार? 'पाच हजार मराठी फॉन्ट, एकदम मोफत!' तेवीस फॉन्टांवर बारा वर्षं काढलेल्या माणसाचं काळीज ते. सोबत एक सूचना होती, 'आधी अँटिव्हायरस बंद करावा, नाहीतर फॉन्ट नीट बसत नाहीत.' मला त्या अनोळखी माणसाचं कौतुक वाटलं. एवढं बारकाईनं आजकाल कोण सांगतं? मी अँटिव्हायरस बंद केला आणि बटण दाबलं.

कॉम्प्युटरचा पंखा घरघरायला लागला. समोरचे जमीलभाई चहाला आले होते. विहिरीच्या जळालेल्या मोटारींची वायर नव्यानं भरून द्यायचं त्यांचं दुकान आहे, त्यामुळे कान तयार.

"सोमेश्वर, मशीन लई आवाज करायलंय बे!"

"पाच हजार फॉन्ट बसायलेत जमीलभाई. थोडा तरी आवाज होनारच की."

"मोटार असा आवाज करती ना, तवा आमी पयले बटन बंद करतो."

"ही मोटार न्हाई. कॉम्प्युटर हाय!"

इथंच थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मी पडलो सावध माणूस! नव्या फॉन्टांची एक प्रत जपून ठेवावी म्हणून मी कपाटातली हार्ड डिस्क काढली. त्या डिस्कमध्ये बारा वर्षांच्या सगळ्या कामाची दुसरी प्रत होती. ती मी भर धुमाळीत कॉम्प्युटरला जोडली. चोराला घरात घेतलं आणि वर 'कोठी इकडं आहे हं' म्हणून हाताला धरून दाखवली!

दहाच मिनिटांत पडद्यावरची चित्रं एकेक करून पांढरी पडू लागली. फायलींची नावं जाऊन तिथं भलतीच अक्षरं आली. मग पडदा काळा झाला आणि त्यावर लाल इंग्रजीत मजकूर उमटला. तुमच्या सर्व फायली आम्ही कुलूपबंद केल्या आहेत, तीन दिवसांत इतके डॉलर पाठवा, नाहीतर फायली विसरा. खाली बारीक अक्षरात होतं, 'विश्वास बसत नसेल तर कोणतीही एक फाईल पाठवा, ती फुकट उघडून देऊ.'

जमीलभाईंनी उठून सरळ वायरच उपटली. "मैं बोल्या था ना," एवढंच म्हणाले आणि माझा राहिलेला चहाही पिऊन गेले.

मी बीडला जीवनला फोन लावला. जीवन माझा मामेभाऊ, एका कॉलेजातले कॉम्प्युटर सांभाळतो.

"दादा, तुझ्या गव्हाचं पीठ झालंय," तो म्हणाला. "माल सगळा जिथल्या तिथं हाय, पन वाचता येत न्हाई. पिठाचे परत गहू करायची युक्ती फक्त त्या चोराकडं."

"पैसे दिले तर?"

"तर पैसे गेले एवढं नक्की. बाकीचं कुनी सांगावं? देऊ नको, सायबर पोलिसात तक्रार टाक. बॅकअप हाय ना तुझ्याकडं?"

"हाय की!"

"कुठं हाय?"

"कॉम्प्युटरलाच लावलेला हाय."

जीवननं कपाळावर मारलेला हात मला फोनमधून ऐकू आला.

मी तक्रार टाकली आणि खुर्चीवरची शाल घडी करून ठेवली. तिच्यावर बसायची आता लाज वाटत होती. तेवढ्यात साखरामावशी आल्या.

"सोमेश्वरा, रविवारी वरीसश्राद्ध हाय. ह्यांचा तेवढा फोटू मोठा करून दे, चौकटीत."

'हे' म्हणजे रामहरीनाना. जन्मभर शेरडं राखली. फोटो काढायचा म्हटलं की नानांचं एखादं शेरडू नेमकं कुठंतरी पळायचं आणि नाना त्याच्या मागं. सगळ्या आयुष्यात एकच फोटो निघाला, जत्रेतला, खांद्यावर करडू घेतलेला. आधार कार्डावर एक आहे म्हणा, पण तो रामहरीनानांचाच आहे हे सरकारशिवाय कुणाला पटणार नाही.

गेल्या वर्षी नाना गेले तेव्हा मावशी तो जत्रेतला फोटो घेऊन आल्या होत्या. मी तो कॉम्प्युटरमध्ये घेतला, दहा बाय आठ फुटांचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स करून चौकात लावला आणि मोठ्या ऐटीत म्हणालो, "मावशी, कागदाचा काय भरवसा? आता हे जपायची गरजच न्हाई. माझ्याकडं जन्मभर राहील!" मावशींनी ते खरं धरलं. अस्थी गोदावरीत, म्हणजे आमच्या गंगेत सोडल्या, त्यांच्यासोबत तो फोटोही सोडून दिला. माणूस एकटा नको जायला म्हणून.

आता मावशी समोर उभ्या आणि माझ्या कॉम्प्युटरात पीठ! "शनवारी घेऊन जा," म्हणालो मी. दुसरं काही सुचलंच नाही.

मी सगळीकडे हात मारून पाहिले. माझे फ्लेक्स छापणाऱ्या केजच्या छपाईवाल्यानं फाईल कधीच उडवली होती. माझा जुना मोबाईल दिवाळीत हौदात पडला होता. उरली ती चोराची फुकटची एक फाईल. पण नऊ हजार फायलींतली नानांची कुठली? नावं तर गेलेली. तशी आधीची नावं तरी काय होती? 'फायनल', 'नवीन फायनल', 'एकदम फायनल'! मग मी डोकं लावलं. नानांचा फ्लेक्स दहा बाय आठचा, म्हणजे फाईल जड. सगळ्यात जड फाईल शोधली, देवाचं नाव घेतलं आणि जीवनला विचारून, जुन्या लॅपटॉपवरून ती चोराला पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी फाईल परत आली. चोर शब्दाचा पक्का निघाला! मी लगेच ती उघडली.

पडद्यावर मी होतो. काळा गॉगल, कानाला मोबाईल, मागं उगवता सूर्य आणि दोन वाघ. 'नांदूरघाटची शान, सोमेश्वरभाऊ यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!' शुभेच्छुकही मीच. बारा वर्षांत गावात सगळ्यात जड फाईल मी स्वतःचीच केली होती, हे मला त्या दिवशी कळलं.

बायको मागं उभी राहून पाहत होती. "चला," धनश्री म्हणाली, "येवढं एक वाचलं ते बरं झालं. न्हाईतर गावाचं कसं झालं असतं!"

शनिवारी मावशी आल्या. बरोबर सुग्रीवतात्या होते, नानांच्या जोडीनं चाळीस वर्षं शेरडं राखलेले. मी सगळं खरं सांगून टाकलं. फॉन्ट, अँटिव्हायरस, डिस्क, सगळं. मावशी चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "तू म्हनलतास म्हनून गंगेत सोडला रे बाबा."

मला तोंड वर करवेना. इतक्यात सुग्रीवतात्या खाकरले. टोपी काढली, परत घातली.

"वयनी, रागावनार नसाल तर एक सांगू का? चौकातला तो फलक पावसाळ्यात मीच काढून नेलता. गोठा गळत होता. आन् चांगलं कापड वाया कावून घालवायचं?"

"म्हंजे मालक तुमच्या गोठ्यावर हायत?"

"तोंड आत केलंय जी! उन्हापावसानं तोंड खराब व्हायला नगं. मला बी ते बरं वाटंना."

आम्ही तिघं तडक तात्यांकडं गेलो आणि वाकून गोठ्यात शिरलो. वर पाहिलं तर दहा बाय आठचे रामहरीनाना! रंग जरासुद्धा उडालेला नाही, खांद्यावर करडू, गळ्यात मी कॉम्प्युटरवर घातलेला झेंडूचा हार अजून ताजा. खाली पंधरा शेरडं निवांत रवंथ करत होती.

मावशी कितीतरी वेळ मान वर करून पाहत राहिल्या. मग हसल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. "वरीसभर शेरडातच हायत की हे! मी आपली घरात रडायले."

माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू? मी लेंड्यांमध्ये उताणा पडलो आणि मोबाईलवर नानांचे बारा फोटो काढले. एक करडू माझ्या छातीवर चढलं, पण मी हललो नाही.

"चौकट करून दे," मावशी म्हणाल्या, "पन हा फलक मी घरी नेनार. आन् सोमेश्वरा, तुझ्या त्या डब्यात ठिवू नगं बरं का काही!"

"आन् माझ्या शेरडांचं काय?" तात्या म्हणाले. "आभाळ भरून आलंय!"

दहा बाय आठची एकच फाईल माझ्याकडं शिल्लक होती. स्वखर्चानं केजहून छापून आणली आणि स्वतःच्या हातानं गोठ्यावर बांधली. तोंड आत करून, मानानं.

काल तात्या दुकानात आले. म्हणाले, "नाना वरीसभर होते, एका शेरडानं तोंड लावलं न्हाई. तुझा कडंचा कान दोन दिसांत खाल्ला, आता गॉगल खायलेत. नवा छापून दे."

देतो म्हणालो. ती फाईल माझ्याकडं अगदी सुरक्षित आहे!